घर ओढतात त्या बेटावर

चिलोएच्या आमच्या बेटावर घरं हलवतात.
खाली ओंडके घालून, बैलांच्या आठ जोड्या जुंपून,
चुलीसकट, भिंतीवरच्या तसबिरीसकट.
मिंगा म्हणतात त्याला. इर्जिकच ती.
मजुरी नाही, नंतर मटण-बटाटे
आणि सफरचंदाची आंबट दारू.
आबेलार्दोचं घर टेकडीवरून खाडीपाशी आणलं
तेव्हा मी सात वर्षांची.
अख्खं गाव दोराला होतं. आईसुद्धा.
तिच्या तळव्याला दोर कापला होता
नि ती हसत होती.

पुढच्या हिवाळ्यात आई अंथरुणातून उठेनाशी झाली.
मग एक दिवस उठली, ती झोपेचना.
रात्री तीनला घराला निळा रंग द्यायला घेतला.
अर्धी भिंत झाली, डबा संपला.
रंग शेजाऱ्यांनी चोरला, म्हणाली.
ती अर्धी भिंत अजून तशीच आहे.

बाबा दक्षिणेला, सामन माशांच्या तरंगत्या पिंजऱ्यांवर.
वीस दिवस तिकडे, दहा दिवस घरी,
घरी असले की रेडिओ मोठ्याने.
एलिसेओ तीन वर्षांचा.
मला हळूहळू सगळं यायला लागलं:
ओलं सरपण चुलीमागे वाळवणं,
शाळेच्या वहीत आईची सही,
शेवटच्या अक्षराची शेपटी तिच्यापेक्षा झोकदार,
जिन्यावरचं पाऊल ऐकून ओळखणं
आज कोणती आई खाली येतेय.

कुणी विचारलं तर सांगायचं, डोकं दुखतंय.
गावाला माहीत होतं.
गाव विचारायचं, "डोकं उतरलं का?"
घर दिसतं, त्याला दोर बांधता येतो.
याला कुठे बांधणार?

गुरुवारी लाँच यायची. तीत आरोग्य केंद्राची एदेल्मिरा,
रबरी बूट, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली फाइल.
आईचं इंजेक्शन झालं.
निघता निघता, दार अर्धं उघडं, पाऊस आत येतोय,
तिने मला विचारलं,
"आणि तू काय खाल्लंस?"

मी गोळ्यांचा हिशेब सांगितला.
सकाळी दोन, रात्री एक,
मंगळवारची थुंकलेली, चुलीखाली सापडली.
ती परत आत आली. बूट काढले.
लाँचवाल्याने दोनदा भोंगा वाजवला.
"वाजव बाबा," ती पुटपुटली, नि खाली बसली.

तेव्हा मी ते बोलले, जे कुणालाच सांगितलं नव्हतं:
निळं घर हवं, असा हट्ट मी धरला होता.
बराच वेळ ती बोटांनी मोजे पिळत राहिली.
"रंग तू मागितलास, यास्ना.
आजार नाही मागितलास."

पुढच्या गुरुवारी एका टेबलाशी
बाबा, मास्तर, शेजारची रोसाल्बा.
आईसुद्धा, केस विंचरून, हात मांडीखाली दाबून.
सगळे चहात बघत होते.
आईच आधी बोलली:
"हिला मोजायला लावू नका."

मग संध्याकाळच्या गोळ्या रोसाल्बाकडे गेल्या,
लोकरीचा वास घेऊन ती यायची, बडबडत.
उशीर झाला तर मास्तर फळ्याकडे तोंड करून उभे राहायचे,
मी बसेपर्यंत.
आबेलार्दो न विचारता लाकडं टाकून जायचा,
बहुतेक ओलीच.

सगळे आले असं नाही.
दुकानवाली सुटे पैसे अजून फळीवर ठेवते,
हातात देत नाही.
आई बरी झाली असंही नाही. दोन हिवाळे चांगले,
एक कास्त्रोच्या इस्पितळात,
तिथून तिने मला एकच पायमोजा विणून पाठवला.

एका शनिवारी ओहोटीला शिंपले काढायला गेले.
एलिसेओशी भांडले. बूट चिखलात रुतला,
तो ओढता ओढता दोघंही पडलो
आणि अंधार झाला.
घरी आले तर आई बटाटे सोलत होती, जांभळे,
सालीबरोबर निम्मा बटाटा फेकत.
मी उंबऱ्यातच थबकले.
पाऊल ऐकायचं राहून गेलं होतं.

"काय गं?"
"काही नाही," म्हटलं. "भूक लागलीय."